रक्ताचा कर्करोग : वाट पाहण्याचे दिवस



आडसाली लागण केली की तोडणीची चिठ्ठी येईपर्यंत सोळा-अठरा महिने थांबावे लागते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्या थांबण्यात शेतकरी हातावर हात ठेवून बसत नाही. बाळबांधणी, मोठी बांधणी, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, खुरपणी हे सगळे चालूच असते. पीक आपल्या वेळेनेच येते, पण त्या वेळेपर्यंत ते शेतात उभे ठेवायचे काम आपले.

या लेखात ज्या आजाराविषयी लिहीत आहोत त्यातही असेच थांबणे आहे. घरातल्या कुणाला रक्ताचा कर्करोग म्हणजे ल्युकेमिया झाल्याचे कळते. मोठ्या दवाखान्यात उपचार सुरू होतात आणि डॉक्टर सांगतात, "आधी केमो देऊ. आजार आटोक्यात आला की बोनमॅरो बदलावा लागेल. तोवर दाता जुळतो का ते बघू." इथून पुढे काही महिने घर अधांतरी लटकते. आजार गेलेला नसतो आणि मुख्य उपचार अजून झालेला नसतो. कितीतरी कुटुंबे याच मधल्या काळात खचतात. कुणी औषध अर्धवट सोडून घरी येते, कुणी अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे वळते, कुणी जमीन विकायला निघते. म्हणून हा मधला काळ कसा असतो, त्यात धीर कशाच्या आधाराने धरायचा आणि काय काय करायचे, याची माहिती देण्याचे योजले आहे.

रक्त कुठे तयार होते?

रक्त हृदयात तयार होते असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. हृदय हा नुसता पंप आहे. कमरेचे हाड, छातीचे मधले हाड, मणके अशा हाडांच्या आतल्या पोकळ जागेत मऊ, तांबूस गर असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात, आणि दवाखान्यात त्यालाच बोनमॅरो म्हणतात. ही आपल्या रक्ताची रोपवाटिका. तिच्यातल्या मूळपेशींपासून तीन तऱ्हेच्या पेशी सतत तयार होऊन रक्तात येतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, त्या आपल्या अंगातल्या राखणदार. आणि प्लेटलेट्स जखमेतून वाहणारे रक्त थांबवतात. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजार असतात आणि प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख.

ल्युकेमियात या रोपवाटिकेतच हरळी माजते. पांढऱ्या पेशींपैकी एखादी जन्मतःच बिघडते, पुरती वाढत नाही, पण तिच्यासारख्या असंख्य निर्माण होतात आणि चांगल्या रोपांना जागाच उरत नाही. मग तांबड्या पेशी कमी पडतात, माणूस फिकट पडतो, थकतो. कामाचे राखणदार कमी होतात, म्हणून ताप हटत नाही. प्लेटलेट्स घटतात, म्हणून हिरड्यांतून रक्त येते आणि अंगावर काळे-निळे डाग दिसतात. काहींची हाडे दुखतात. ही लक्षणे दिसली तर आधी साधी रक्तपेशींची तपासणी करून घ्यावी. बहुतेक वेळा कारण दुसरेच निघते, पण तपासणी टाळू नये.

हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच्याजवळ बसल्याने कुणाला होत नाही. तो कुणाच्या पापाचे फळ नाही, आणि साखर किंवा गूळ खाल्ल्यानेही होत नाही. रुग्णापासून आपल्याला धोका नाही. धोका आहे तो आपल्यापासून त्याला. तो कसा, ते पुढे सांगितले आहे.

आशेला आधार काय?

"रक्ताचा कॅन्सर म्हणजे संपलंच की" असे आपल्याकडे सरळ बोलतात. एके काळी ते खरे होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली याच आजाराने गेल्या. पैशाची ददात नसलेल्या त्या घराकडेही त्या वेळी उपाय नव्हता. दोराबजींनी पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला, आणि १९४१ साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. आपल्या भागातले रुग्ण आज ज्या दवाखान्याचे नाव प्रथम घेतात, त्याच्या मुळाशी ल्युकेमियाने झालेला एक मृत्यू आहे.

त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना एक नवे औषध देऊन पाहिले. १९४८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे सोळांपैकी दहा मुलांचा आजार काही काळ मागे हटला. तोपर्यंत असे घडले नव्हते. हे औषध ज्यांच्या हाताखालच्या पथकाने बनवले ते शास्त्रज्ञ आपल्याच देशातले, आंध्रातले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट हे औषध आजही ल्युकेमियाच्या मुलांना दिले जाते.

बोनमॅरो बदलण्याचे पहिले प्रयत्न डॉ. डोनाल थॉमस यांनी अमेरिकेत केले आणि १९५७ मध्ये ते जाहीर केले. सुरुवातीचे रुग्ण वाचले नाहीत. अनेकांनी हा नाद सोडला, थॉमस यांनी सोडला नाही. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने पहिला बोनमॅरो बदल केला. लहानपणी पोलिओने पाय गेलेले हे डॉक्टर चाकाच्या खुर्चीत बसून रुग्ण तपासत. पुढे १९८६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही हे काम सुरू झाले. आता मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत ते होते. टाटाचा हा विभाग नवी मुंबईत खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात आहे.

हा इतिहास मुद्दाम सांगितला. धीर द्यायचा तो "काही होत नाही रे" अशा पोकळ शब्दांनी देऊ नये. ज्या आजारावर शंभर वर्षांपूर्वी काहीच नव्हते, त्यावर आज पायरी-पायरीने उपचार आहेत, हा खरा आधार.

बोनमॅरो सगळ्यांनाच बदलावा लागतो का?

नाही. जुनाट ल्युकेमियाच्या एका प्रकारात २००१ पासून इमॅटिनिब नावाची गोळी उपलब्ध आहे. ती रोज घेऊन पुष्कळ लोक वर्षानुवर्षे आपापली कामे करत आहेत. मुलांमध्ये जो तीव्र ल्युकेमिया जास्त आढळतो त्यातही बहुतेक मुले दोन-तीन वर्षांच्या केमोनेच बरी होऊ शकतात. तीव्र ल्युकेमियाच्या आणखी एका प्रकारात 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेले औषध आणि शुद्ध केलेला सोमल यांचा उपयोग होतो. म्हणून कुणी वैदूकडून सोमल घेऊ नये. ते विष आहे आणि त्याचे माप दवाखान्यातच सांभाळले जाते.

मज्जा बदलायला सांगतात ते आजार चिवट असला, उलटून आला, किंवा पेशींच्या तपासणीत तो उलटण्याची लक्षणे दिसली तर. हरळी वरून खुरपली तरी जमिनीत काशा राहतात आणि पाणी मिळताच त्या फुटतात. तसेच इथे. म्हणून आधी जोरदार औषधे देऊन, काही वेळा किरणेही देऊन, रुग्णाची सगळी जुनी मज्जा मोकळी करतात. मग दात्याच्या मूळपेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. यात चिरफाड नसते. त्या पेशी आपली वाट आपणच शोधून हाडांत जाऊन बसतात, आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त तयार होऊ लागते. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर पुढे रुग्णाचा रक्तगटही बदलतो!

वाट नेमकी कशाची पाहायची?

'वाट पाहायची' एवढेच ऐकले की डोंगर वाटतो. त्याचे चार भाग केले तर काम दिसू लागते.

पहिला भाग आजार आटोक्यात येण्याचा. पहिली केमो साधारण चार आठवड्यांची असते. तिच्यानंतर मज्जेची तपासणी करून बिघडलेल्या पेशी किती उरल्या ते पाहतात. त्या जवळजवळ नाहीशा झाल्या की त्याला 'रेमिशन' म्हणतात. रेमिशन म्हणजे आजार कायमचा गेला असे नव्हे, शेत नांगरून तयार झाले एवढेच. नेमके याच वेळी रुग्णाला बरे वाटू लागते, वजन वाढते, आणि घरचे म्हणतात, "आता कशाला पुढचं? बराच झाला की!" ही चूक कधीही करू नये. याच टप्प्यावर उपचार सोडलेल्यांचा आजार उलटतो, आणि उलटलेला आजार पहिल्यापेक्षा कठीण असतो.

दुसरा भाग दाता मिळण्याचा. दात्याचा रक्तगट नव्हे तर एचएलए नावाच्या पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात. या खुणांचा एक संच आपल्याला आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. तीन भावंडे असली तरी एखादे जुळण्याची शक्यता निम्म्याहून थोडीच जास्त. तेव्हा भावाचे जुळले नाही तर "तुझंच रक्त परकं निघालं" असे त्याला कुणी बोलू नये. हा नशिबाचा फासा आहे, मायेची परीक्षा नव्हे. आई-वडील आणि पोटची मुले नेहमी निम्मी जुळतात. पूर्वी निम्मी जुळणी चालत नसे. आता नवीन पद्धतीने अनेक ठिकाणी तशीही मज्जा देतात. शिवाय नात्याबाहेरचा दाता नोंदणी संस्थांकडून शोधता येतो.

तिसरा भाग खाटेचा. मज्जाबदलाच्या खोल्या स्वतंत्र, गाळलेल्या हवेच्या असतात. त्या थोड्या आणि रुग्ण पुष्कळ. नंबर लागेपर्यंत केमोचे पुढचे हप्ते देऊन आजार दाबून धरतात. हे हप्ते म्हणजे टंगळमंगळ नव्हे, तेच संरक्षण आहे.

चौथा भाग पैशाचा. खर्च लाखांत जातो हे खरे. पण जमीन विकायला काढण्याआधी दवाखान्यातील वैद्यकीय समाजसेवक आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र यांना गाठावे. योजनेत कोणता उपचार बसतो, किती बसतो, हे त्यांच्याकडून लेखी समजून घ्यावे. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी आणि धर्मादाय विश्वस्त संस्था यांच्याकडेही अर्ज करता येतात. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि दवाखान्याचे खर्चाचे अंदाजपत्रक यांच्या चार-चार प्रती एका पिशवीत कायम तयार ठेवाव्यात. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात मोठी सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा दाखला घ्यावा. मुंबईत उतरण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही जुनी, विश्वासाची ठिकाणे आहेत. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे आहेत.

"थोरला अधू तर होणार नाही ना?"

दाता जुळला तरी गाडी पुष्कळदा इथेच अडते. एखादी माउली डॉक्टरांना विचारते, "डॉक्टरसाहेब, थोरल्याच्या पाठीतनं पाणी काढल्यावर त्याला ऊस तोडता येईल का? एकाला वाचवायला जायचं आन् दुसरा अधू व्हायचा."

भीती खोटी नाही, पण समजूत चुकीची आहे. "मावशी, पाठीच्या कण्याला आम्ही हातसुद्धा लावत नाही" हे त्या प्रश्नाचे खरे उत्तर. आता बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस एक इंजेक्शन देतात. त्याने मूळपेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात घेऊन मूळपेशी तेवढ्या वेगळ्या करतात आणि बाकीचे रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. काही तासांचे काम. इंजेक्शनाने अंग दुखते, डोके दुखते, ते थोड्या दिवसांत थांबते. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. मग कंबर काही दिवस दुखते, आणि काढलेली मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. दात्याचीही आधी पूर्ण तपासणी होते. त्याच्या तब्येतीला धोका दिसला तर डॉक्टर त्याला घेत नाहीत.

मात्र एक गोष्ट दात्याने आणि त्याच्या घरच्यांनी नीट ध्यानात ठेवावी. शंका-कुशंका असतील त्या आधी विचाराव्यात. नकार द्यायचा असेल तर तोही आधीच द्यावा. एकदा रुग्णाची जुनी मज्जा औषधांनी मोकळी केली की त्याच्याजवळ स्वतःचे काहीच उरत नाही. त्या वेळी दात्याने पाय मागे घेतला तर रुग्णाचा जीव जातो.

आशा म्हणजे नेमके काय?

रुग्णाला भेटायला येणारा जो तो म्हणतो, "मन घट्ट कर, रडायचं नाही, मग बघ कसा बरा होतोस." हेतू चांगला असतो. पण मन घट्ट ठेवल्याने ल्युकेमियाच्या पेशी मरतात असे शास्त्र सांगत नाही, आणि रडल्याने त्या वाढतात असेही नाही. उलट अशा बोलण्याने रुग्णाच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढते. आजार उलटला तर त्याला वाटते, "मीच मनानं कमी पडलो." म्हणून त्याला हसतमुख राहण्याची सक्ती करू नये. रात्री भीती वाटते, रडू येते, राग येतो, हे सगळे माणसाचेच आहे.

मग आशेचा उपयोग काय? उपयोग असा की आशा असलेला माणूस गोळी चुकवत नाही, ताप लपवत नाही, तोंड आले असले तरी चार घास जेवतो, तपासणीच्या तारखेला हजर राहतो. आशा म्हणजे आजचे काम आज करणे. शेवट काय होईल याची हमी कुणाजवळच नसते. आपण तरी पावसाची हमी घेऊन लागण करतो का?

त्यासाठी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. एक वही घालावी. रोजचा ताप, वजन, औषधे, रक्ताचे आकडे आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिच्यात लिहावेत. आकडे खाली-वर होणारच. केमोनंतर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात, मग हळूहळू चढतात. एका दिवसाच्या साखर-उताऱ्यावरून आपण हंगामाचा हिशेब करत नाही, तसेच एका रिपोर्टवरून घरभर रडारड करू नये, की एका रिपोर्टवर पेढेही वाटू नयेत. चार-सहा आठवड्यांचा कल पाहावा.

सगळी आशा एकाच खुंटीला टांगू नये. भाऊ जुळला नाही तर निम्मी जुळणी आहे, नोंदणीतला दाता आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या, रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना शिकवून लढायला लावणाऱ्या स्वदेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो सगळ्यांना लागू पडत नाही, पण ल्युकेमियाच्या ठरावीक प्रकारात आजार उलटला असेल तर त्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

रुग्णाला नुसते अंथरुणात ठेवू नये. डॉक्टरांच्या परवानगीने खोलीत फिरणे, घरच्या हिशेबात मत घेणे, मुलांचा अभ्यास घेणे, शाळकरी रुग्णाला पुस्तके देणे, हे चालू ठेवावे. कर्त्या माणसाला "आता तू बघू नकोस, आम्ही बघतो" असे म्हटले की तो आतून कोसळतो. "तात्या, खोडवा ठेवायचा का मोडायचा, ते तुम्हीच सांगा" असे विचारले की त्याला आपण अजून घरात आहोत असे वाटते. लहान मुलालाही त्याच्या वयाला समजेल असे खरे सांगावे. तरुण रुग्णांनी पुढे मूल होण्याविषयी उपचाराआधीच, आणि ते राहून गेले असेल तर मज्जाबदलाआधी तरी, लाज न धरता डॉक्टरांना विचारावे. त्यावर काही उपाय आधी करता येतात.

आणि झोप उडाली, अन्न तुटले, बोलणे बंद झाले, जगण्यात राम नाही असे बोलू लागला, असे दोन आठवडे चालले तर ते नुसते 'मन लागत नाही' नव्हे. त्यावर औषध आहे. डॉक्टरांना सांगावे. हे सेवा करणाऱ्या माणसालाही लागू आहे. सहा महिने दवाखान्याच्या जिन्यात झोपणाऱ्या आईला किंवा बायकोलाही आठवड्यातून एक दिवस कुणीतरी सोडवणूक करावी.

या काळातील पथ्य

मज्जाबदलापर्यंत रुग्णाला जंतूंपासून सांभाळणे हे घरच्यांचे मुख्य काम.

ताप १००.४ अंश किंवा त्याहून वर गेला तर ती तातडीची वेळ समजावी. सकाळ होण्याची वाट पाहू नये. गोळी देऊन ताप दाबू नये, गावात इंजेक्शन घेऊ नये. दवाखान्याला लगेच फोन करून निघावे. राखणदार कमी असताना साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो.

अन्न घरचे, ताजे, नीट शिजलेले द्यावे. पाणी उकळून गार केलेले. कच्ची कोशिंबीर, बाहेरची कापलेली फळे, शिळे, उघड्यावरचे पदार्थ वर्ज्य. आपल्या रसवंतीचा रससुद्धा या दिवसांत नको, सभासदांनी राग मानू नये!

गोठा, शेणखत, भिजलेला कडबा, पाचट आणि बगॅसचे ढीग यांपासून रुग्णाला लांब ठेवावे. त्यात बुरशी असते आणि तिची धूळ फुप्फुसात जाते. हार-तुरे, कुंड्या खोलीत नकोत. जत्रा, लग्न, गर्दीचा एसटी प्रवास टाळावा. प्रत्येकाने साबणाने हात धुऊनच जवळ जावे. दात मऊ ब्रशने घासावेत आणि डॉक्टर सांगतील तशा गुळण्या कराव्यात. ताकदीची म्हणून, रक्तशुद्धीची म्हणून कुणी दिलेली पुडी डॉक्टरांना न दाखवता देऊ नये.

गावाने काय करावे?

भेटायला जाणे ही आपली रीत चांगली आहे, पण या आजारात ती रुग्णाच्या मुळावर येते. सर्दी-खोकला असलेल्याने तर उंबऱ्याच्या आत जाऊच नये. बाहेरून विचारपूस करावी आणि दुसऱ्या मार्गाने हात द्यावा.

पहिला मार्ग प्लेटलेट्सचा. केमोच्या काळात त्या वारंवार लागतात आणि पिशवीत साधारण पाच दिवसच टिकतात, म्हणून साठवून ठेवता येत नाहीत. एक निरोगी माणूस यंत्रावर तास-दीड तास बसून त्या देऊ शकतो आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा देऊ शकतो. मात्र आठवड्यातून दोनदाच, आणि वर्षातून चोवीस वेळाच. इथे एक बारीक गोष्ट आहे. ज्याला मज्जा बदलायची आहे त्याला सख्ख्या नातेवाइकांचे रक्त शक्यतो देत नाहीत. दिले तर पुढे त्यांची मज्जा शरीर नाकारू शकते. म्हणजे या ठिकाणी भावकीपेक्षा गावकरी उपयोगाचा! प्रत्येक गावच्या गटातील दहा-बारा तरुणांनी रक्तगटासह आपली यादी करून ठेवली तर कुणाच्याही घरावर वेळ आली तरी धावाधाव होणार नाही.

दुसरा मार्ग मूळपेशी-दात्यांच्या नोंदणीचा. चेन्नईची दात्री, बंगळूरची डीकेएमएस अशा संस्था हे काम करतात. साधारण अठरा ते पन्नास वयाच्या निरोगी माणसाच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात आणि खुणा नोंदवून ठेवतात. जगभर अशी नोंद चार कोटींहून अधिक लोकांची आहे, आपल्या देशात मात्र काही लाखांचीच. खुणा बहुधा आपल्याच भागातल्या, आपल्याच समाजातल्या माणसाशी जुळतात. आपण नोंद केली नाही तर आपल्या माणसांना दाता परदेशातून कुठून मिळणार? पण नोंद हौसेने करू नये, घरच्यांशी बोलून, बोलावणे आल्यास जाणार असाल तरच करावी.

तिसरा मार्ग शेताचा. रुग्णाच्या घरचे मुंबईला असताना त्यांच्या उसाला पाणी देणे, जनावरे सांभाळणे, तोडणीच्या वेळी बांधावर उभे राहणे. याहून मोठा धीर शब्दांनी देता येत नाही.

मज्जाबदलानंतर

वाट संपली की सगळे संपले असे नाही. पहिले शंभर दिवस फार जपावे लागते. नवे राखणदार कधी कधी घरच्यांनाच परके समजून त्वचा, आतडी, यकृत यांवर धावून जातात, त्यासाठी औषधे द्यावी लागतात. लहानपणच्या लसीही पुढे नव्याने टोचाव्या लागतात. ज्या शेतात पीक बदलले त्याची पहिली दोन वर्षे डोळ्यांत तेल घालून निगा राखायची.

आणि खरे सांगायचे तर सगळे प्रयत्न करूनही काही रुग्ण वाचत नाहीत. तेव्हा कुटुंबाने स्वतःला दोष देऊ नये. अशा वेळी वेदना कमी करणारे आणि सोबत देणारे उपचार असतात, ते मागून घ्यावेत. माणूस शांतपणे, आपल्या माणसांत असावा, हीसुद्धा आशाच आहे.

पण जे वाट पाहत आहेत त्यांच्यासाठी सांगणे एवढेच. आजचा ताप मोजा, आजची गोळी घ्या, आजच्या तारखेला हजर राहा, आणि उद्याचे उद्या. बाकीच्यांनी त्यांच्या पाण्याची पाळी चुकू देऊ नये, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.